भोपाळचं विधानसभा अधिवेशन प्रेक्षक गॅलरीतून: ग्वाल्हेरहून जाणाऱ्यांसाठी

अर्थसंकल्पाचं भाषण ऐकायला विधानसभेत जाऊ नका. ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तक्त्यांसकट छापून येतं आणि त्या दिवशी गॅलरीत जागा मिळणंही कठीण असतं. जायचंच तर खात्यांच्या मागण्यांवर, म्हणजे एकेका खात्याने खर्चासाठी मागितलेल्या रकमेवर, चर्चा असते त्या दिवशी जा. सकाळी प्रश्नोत्तरांचा तास, मग ध्यानाकर्षण, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणं, मग एकेका खात्याची मागणी आणि तिच्यावरचं मतदान. राज्याचा पैसा प्रत्यक्ष मंजूर होतो तो या दिवसांत, आणि ते बघायला एक पैसा लागत नाही.

मी झाशी रोडवरच्या लेखा भवनात, म्हणजे आपल्या एजी (महालेखाकार) ऑफिसात, ऑडिटला नोकरी करून निवृत्त झाले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत एजी ऑफिसचं एक तरी माणूस असतंच, त्यामुळे त्या कामाबद्दल फार सांगायला नको. गावोगावच्या सरकारी कार्यालयांत जाऊन व्हाउचरं तपासायची, इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहायचा, एखादा मुद्दा भारी निघाला तर त्याचा ड्राफ्ट पॅरा, म्हणजे अहवालासाठीचा कच्चा परिच्छेद, करायचा. खात्याचं उत्तर आल्यावरही जो पॅरा टिकला तो कॅगच्या, म्हणजे देशाच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या, अहवालात जायचा. राज्यघटनेच्या कलम 151 प्रमाणे तो अहवाल राज्यपालांकडे जातो आणि तिथून विधानसभेच्या पटलावर. आमच्या कामाचा शेवटचा मुक्काम विधानसभा. तिथे वेळ कोण वाटतं, कुठला विषय कधी येणार हे कोण ठरवतं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. 2025 च्या मार्चमध्ये, होळीनंतरच्या आठवड्यात, भाचीला घेऊन गेले. ती इथेच कायद्याचं शिकते.

पासाचं आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. पास आमदाराच्या शिफारशीवर मिळतो. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की आपल्या आमदाराच्या कार्यालयात जायचं, ओळखपत्राची प्रत द्यायची, दिवस सांगायचा. तिथल्या मुलाने मला विचारलं, "माताजी, काम किस विभाग में है?" काम कुठल्याच खात्यात नाही, सभागृह बघायचंय, असं सांगितल्यावर तो क्षणभर थांबला आणि मग स्वतः उठून अर्ज भरून दिला. लोक आमदाराकडे बदलीसाठी, दवाखान्यासाठी, रेशनकार्डासाठी जातात. नुसतं बघायला जाता येतं हे पुष्कळांना ठाऊकच नाही, म्हणून तर हे लिहितेय.

रात्रीच्या गाडीने निघालात तर राणी कमलापती स्टेशनला उतरा. अरेरा टेकडीवरचं विधान भवन तिथून जवळ पडतं. मोबाईल, पर्स, डबा, बाटली सगळं खाली जमा करावं लागतं. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी आत जायच्या आधी खाऊन घ्यावं.

इमारत चार्ल्स कोरियांची. काम 1980 च्या दशकात सुरू झालं, उद्घाटन 1996 साली राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मांच्या हस्ते झालं आणि 1998 मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. बाहेरून गोल, आत चौक आणि चौकांना जोडणारे मार्ग, मुख्य सभागृहावर सांचीच्या स्तूपाची आठवण करून देणारा घुमट. जनगढसिंह श्याम यांनी रंगवलेल्या भिंती बघायला थोडा वेळ हाताशी ठेवा. या इमारतीत विधान परिषदेसाठीही सभागृह आहे, पण मध्य प्रदेशात विधान परिषद कधी झालीच नाही. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 168 मध्ये आपल्या राज्याचं नाव घातलं, ती लागू करण्याची तारीख मात्र कोणी काढली नाही. भाचीला हे पुस्तकातून माहीत होतं, तरी ती जागा बघून तिने मला दोनदा विचारलं, "आत्या, खरंच कधीच नाही?"

आता मुख्य गोष्ट, म्हणजे सभागृह. अकराच्या ठोक्याला अध्यक्ष येतात, सगळे उभे राहतात आणि प्रश्नोत्तरं सुरू होतात. प्रश्न वाचून दाखवत नाहीत. अध्यक्ष सदस्याचं नाव घेतात, सदस्य फक्त प्रश्न क्रमांक सांगतात, मंत्री म्हणतात उत्तर पटलावर ठेवलं आहे, आणि खरी लढाई पुरवणी प्रश्नांत होते. हे आधी माहीत नसेल तर पहिली दहा मिनिटं काहीच कळत नाही. म्हणून त्या दिवसाची प्रश्नोत्तर सूची विधानसभेच्या संकेतस्थळावरून आदल्या दिवशी वाचून जावी. एका दिवसाच्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नांच्या यादीत 25 प्रश्न असतात. तासाभरात त्यांतले सगळे सहसा होत नाहीत, त्यामुळे यादीत वरचा क्रमांक कोणाला मिळाला याला फार किंमत असते.

एक प्रसंग सांगते. गावातल्या नळपाणी योजनेचा प्रश्न होता. पाइप टाकले, टाकी झाली, नळाला पाणी नाही. सदस्य नवखे होते, पण त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते एवढंच विचारत राहिले की काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणत्या तारखेचा आणि बिल कोणत्या तारखेला निघालं. मंत्री उत्तराच्या पानांवर बोट फिरवत होते. तेवढ्यात अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून एक चिठ्ठी आली, मग दुसरी. तिसऱ्या चिठ्ठीनंतर मंत्री म्हणाले, तपासून घेतो. दाखल्याच्या आधी बिल निघालं असेल तर त्याचा अर्थ काय होतो, हे त्या सभागृहात मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी अख्खी नोकरी त्या दोन तारखांमधल्या अंतरावर गेली. एका आमदाराने तेच अंतर उभं राहून, नाव घेऊन, मंत्र्यासमोर विचारलं आणि अध्यक्षांनी त्याला आणखी एक पुरवणी विचारू दिली. मला फार बरं वाटलं.

यादीचे तीन भाग असतात. पहिला तारांकितांचा. दुसऱ्यात, नियम 46(2) खाली, अतारांकित करून टाकलेले तारांकित प्रश्न. तिसऱ्यात मुळातले अतारांकित. शेवटच्या दोन भागांतल्या प्रश्नांना फक्त लेखी उत्तर मिळतं, पुरवणी विचारता येत नाही. आणि या लेखी उत्तरांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: "जानकारी एकत्रित की जा रही है." खात्यांची नावं लिहीत नाही, कारण ते वाक्य कोणा एका खात्याचं नाही. ऑडिटच्या मेमोलाही असंच उत्तर यायचं आणि पॅरा वर्षभर अडकून पडायचा. लोकांच्या प्रतिनिधीने रीतसर मुदतीत विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर चालता कामा नये. माहिती गोळा झाली का, कधी झाली, याची एक यादी दर अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी पटलावर यावी आणि ती छापून मिळावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुपारच्या कामकाजाकडे मात्र बारकाईने बघा, कारण अधिवेशनाचा लगाम कोणाच्या हातात आहे ते तेव्हा कळतं. कागदावर अधिवेशन राज्यपाल बोलावतात, प्रत्यक्षात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. कलम 174 एवढंच सांगतं की आधीच्या अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली बैठक यांत सहा महिने जाता कामा नयेत. किती दिवस बसायचं हे घटना सांगत नाही. एकदा सभागृह भरलं की लगाम अध्यक्षांकडे येतो. कोणाला बोलू द्यायचं, बैठक कधी तहकूब करायची, कुठला शब्द नोंदीतून काढायचा, सगळं त्यांच्याकडे. अध्यक्ष नसतील तेव्हा उपाध्यक्ष किंवा सभापती तालिकेतला, म्हणजे त्यासाठी नेमून ठेवलेल्या यादीतला, एखादा सदस्य त्या खुर्चीवर बसतो, आणि त्यालाही तोच अधिकार असतो. कुठल्या विषयाला किती तास हे अध्यक्षांच्या अध्यक्षतेखालची कार्यमंत्रणा समिती ठरवते, तिच्यात सरकार आणि विरोधक दोघांचे सदस्य असतात. अधिवेशन संपवायचं, म्हणजे सत्रावसान करायचं, तर पुन्हा राज्यपाल. गणपूर्तीला सभागृहाचा दहावा हिस्सा पुरतो. आपल्याकडे 230 सदस्य आहेत, म्हणजे 23. ही संख्या मला फार तोकडी वाटते.

राज्यपाल, मंत्रिमंडळ आणि अध्यक्ष हे तीन हात एकमेकांत अडकले तर काय होतं ते आपण 2020 च्या मार्चमध्ये पाहिलंय, ग्वाल्हेरच्या प्रत्येक घरात तेव्हा दुसरा विषय नव्हता. ज्योतिरादित्य शिंद्यांनी काँग्रेस सोडली, 22 आमदारांनी राजीनामे दिले. 16 मार्चला राज्यपाल लालजी टंडन यांचं अभिभाषण मिनिटाभरात उरकलं आणि अध्यक्षांनी करोनाचं कारण देऊन सभागृह 26 मार्चपर्यंत तहकूब केलं. सर्वोच्च न्यायालयाने 19 तारखेला आदेश दिला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बहुमताचा निर्णय हात वर करून लावा आणि त्याचं चित्रीकरण करा. मुख्यमंत्री कमलनाथांनी 20 तारखेला मतदानाआधीच राजीनामा दिला. पुढे 13 एप्रिलच्या निकालात न्यायालयाने सांगितलं की अधिवेशन चालू असतानाही राज्यपाल बहुमत सिद्ध करायला सांगू शकतात. भाचीच्या अभ्यासक्रमात हा खटला आहे. गॅलरीत बसून अध्यक्षांच्या खुर्चीकडे बघत तिने तो मला हळू आवाजात सांगितला, आणि पहाऱ्यावरच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. तिथे कुजबुजही चालत नाही, टाळीही चालत नाही. नियम कडक आहे आणि तो तसाच असावा.

आता पैशाकडे येते. 2025 चं अर्थसंकल्पी अधिवेशन 10 ते 24 मार्च, बैठका 9. पहिल्या दिवशी अभिभाषण. 12 मार्चला अर्थमंत्री जगदीश देवडा यांनी 4 लाख 21 हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडला. मध्ये होळी. अभिभाषणावरची चर्चा, पुरवणी मागण्या, विधेयकं हे सगळं याच दिवसांत बसवायचं. राहिलेल्या वेळात खात्यांच्या मागण्या. कर्जावरचं व्याज, राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन हा प्रभारित खर्च, त्यावर मतदान होत नाही. बाकी प्रत्येक मागणीवर सभागृहाचा हक्क आहे. सदस्य कपातीची सूचना आणू शकतात. मागणी कमी करून एक रुपयावर आणा अशी सूचना म्हणजे धोरणच मान्य नाही, आणि मागणीतून शंभर रुपये कमी करा अशी सूचना म्हणजे एखाद्या ठरावीक तक्रारीकडे लक्ष वेधणं. पण वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. मग विनियोग विधेयक, आणि ते मंजूर झालं की तिजोरी उघडते.

ज्यांनी एकेका ग्रँटमधली जास्तीची रक्कम, सरेंडर (न वापरता परत केलेले पैसे), मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काढलेली बिलं यांची तपासणी केलीय त्यांनी हा टप्पा जरूर बघावा. अध्यक्ष मागणी क्रमांक वाचतात, "हो"वाले हो म्हणतात, "ना"वाले ना म्हणतात, आणि काही हजार कोटी मंजूर होतात. एका मागणीवर दोन-अडीच तास चांगली चर्चा झाली. एका ज्येष्ठ सदस्यांनी शाळांच्या इमारतींचा खर्च गेल्या वर्षीच्या सुधारित अंदाजाशी ताडून दाखवला, आकडे तोंडपाठ होते. त्यांचा पक्ष कुठला हे मी लिहीत नाही, त्यांचं वाचन दिसत होतं हे महत्त्वाचं. अशी चर्चा प्रत्येक मागणीवर झाली तर आम्हाला पाच वर्षांनी पॅरा लिहावे लागणार नाहीत. पण 9 बैठकांत ती होणार कशी?

माझी या अधिवेशनाबद्दलची मोठी तक्रार ती हीच. न्यायमूर्ती वेंकटचलय्यांच्या राज्यघटना आढावा आयोगाने 2002 मध्ये सांगितलं होतं की 70 किंवा अधिक सदस्यांच्या विधानसभेने वर्षाला निदान 90 दिवस बसावं. 2024 चं जुलैचं अधिवेशन आठवा. ते 1 ते 19 जुलैपर्यंत जाहीर झालं होतं, 14 बैठका ठरल्या होत्या, 3 जुलैला अर्थसंकल्प आला आणि 5 जुलैला सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब झालं. पक्ष कुठलाही असो, सरकारला छोटं अधिवेशन सोयीचं असतं, आणि गोंधळ घालून दिवस वाया घालवणारे विरोधक त्या सोयीला हातभारच लावतात. कॅगचे अहवाल पुष्कळ राज्यांत अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी पटलावर येतात. मग त्यावर सभागृहात बोलायला दिवसच उरत नाही. पुढे लोकलेखा समिती ते बघते, तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची चांगली प्रथा आहे, पण समितीची बैठक बंद दाराआड होते. लोकांच्या कानावर तो पॅरा पडायचा असेल तर तो सभागृहातच पडायला हवा.

नोंदींबद्दल थोडं. 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्या विधानसभेने असंसदीय शब्दांची एक पुस्तिका काढली, 1,161 शब्द आणि वाक्यप्रयोग. त्यात "चोर", "भ्रष्ट", "निकम्मा" हेही आले. शिस्त हवी हे मला मान्य आहे, पण "भ्रष्ट" हा शब्द बाद करून सदस्याने गैरव्यवहाराचा विषय मांडायचा कसा? माझा स्वतःचा अनुभव असा की त्या नवख्या सदस्यांनी दोन तारखांवर जे साधलं ते कुठल्याही विशेषणाने साधलं नसतं. तरी शब्द हाताशी असावेत आणि ते वापरायचे की नाही हे बोलणाऱ्याने ठरवावं. लघुलेखकांचं काम मात्र बघण्यासारखं आहे. दोघे-तिघे एकाच वेळी बोलत असले तरी त्यांच्या पेन्सिली थांबत नाहीत. पाळी बदलते तीही आवाज न करता.

ग्वाल्हेरकरांनी हे बघायलाच हवं, त्याला आणखी एक कारण आहे. विधानसभा आपल्याला परकी नाही. मध्यभारत राज्य असताना ती इथेच मोतीमहालात भरायची. 1952 च्या निवडणुकीनंतर 99 सदस्यांचं सभागृह झालं, त्याची पहिली बैठक 17 मार्च 1952 ला ग्वाल्हेरला झाली. अध्यक्ष होते अ. स. पटवर्धन आणि उपाध्यक्ष वि. वि. सर्वटे, दोघेही मराठी. 1956 च्या 31 ऑक्टोबरला ती विधानसभा संपली, राज्य मोठं झालं, राजधानी भोपाळला गेली. मग चाळीस वर्षं मिंटो हॉल, आणि 1996 पासून ही इमारत. आज अध्यक्षांच्या खुर्चीवर नरेंद्रसिंह तोमर आहेत, ते आपल्या ग्वाल्हेरचेच आमदार होते. महाराष्ट्र समाजाच्या कार्यक्रमांत आपण शिंदेशाहीच्या गोष्टी हौसेने सांगतो, त्याबरोबर पटवर्धन-सर्वट्यांचं हे सभागृहही नव्या मुलांना सांगावं. मोतीमहालात आज सरकारी कार्यालयं आहेत. तिथे एखादा ठळक फलक लागावा, या मागणीवर सह्या करायला मी केव्हाही तयार आहे.

सेवा म्हणून म्हणाल तर संकेतस्थळावरच्या याद्या आणि कामकाजाचे अहवाल मला पूर्ण गुण द्यावेसे वाटतात. घरबसल्या, फुकट, जुन्या अधिवेशनांसकट मिळतं. हिंदी सरकारी वळणाची आहे, पण आपल्याला ती अडत नाही. गॅलरीतून ऐकू नीट येतं. दिसण्याच्या बाबतीत पुढची रांग मिळाली तरच मंत्र्यांची आणि विरोधकांची दोन्ही बाकं एका नजरेत येतात, म्हणून लवकर पोचा. बसायला मिळणारा वेळ पासावर लिहिलेला असतो. प्रश्नोत्तरांचा तास आणि मागण्यांची चर्चा दोन्ही हवं असेल तर तसं शिफारस घेतानाच सांगा, आयत्या वेळी बदल होत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्ट कुठे आहे ते दारावरच विचारावं, सांगतात. लहान मुलांना नेऊ नका. अकरावी-बारावीच्या मुलांना मात्र अवश्य न्या, शाळांनी तर न्यावंच.

पुढच्या अधिवेशनाची अधिसूचना निघाली की जायच्या आधी एवढं करा: यादीचा तिसरा भाग उघडा, त्यात "ग्वालियर" शोधा. आपल्या रस्त्यांचे, दवाखान्यांचे, शाळांचे प्रश्न आणि त्यांची लेखी उत्तरं तिथे सापडतील. ज्या उत्तरात माहिती अजून गोळाच होतेय त्याचा प्रश्न क्रमांक टिपून ठेवा आणि पास मागायला जाल तेव्हा तो कागद आमदारांच्या हातात द्या.